धावण्याचा निडवा

ताई, मी ४३ वर्षांची, साताऱ्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी शुगर काठावर आली म्हणून धावायला लागले. रोज पहाटे साडेपाच, गोडोलीतून निघून ठरलेल्या पेट्रोल पंपाला वळसा आणि परत. पाच किलोमीटर. रविवारी सुट्टी. समोरची गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने जाते. सुरुवातीला ४८ मिनिटं लागायची, वर्षभरात ३६ वर आले. त्यानंतर दोन वर्षं ३६ म्हणजे ३६. गेले दोन महिने डाव्या नडगीची आतली बाजू दुखते, दहा मिनिटांनी अंग गरम झालं की थांबते. बूट दीड वर्षापूर्वीचे, अजून चांगले दिसतात. शाळेतली मैत्रीण म्हणते इंटरव्हल कर, चढ कर, रस्ता बदल. वडील म्हणतात (आमचा कराडकडे ऊस आहे), सातत्य ठेव, पीक येतंच. मला भीती वाटते, बसलेली घडी मोडली तर धावणंच सुटेल. शिवाय अंधारात नव्या रस्त्याला कुत्री. आणि खरं सांगू का, कंटाळा आलाय. रस्ता बदलायलाच हवा का?
– तीच वाट, सातारा

प्रिय तीच वाट,

वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा: एकदा लावलेला ऊस ते किती वर्षं ठेवतात? लागण झाली, तोड झाली, त्याच बुडख्यांना फुटलेलं दुसरं पीक म्हणजे खोडवा राखला. फार तर तिसरं, म्हणजे निडवा. त्यापुढे सहसा कुणी जात नाही, कारण खत तेवढंच पडतं, पाणी तेवढंच जातं, राबणं तेच, आणि टनेज मात्र उतरतं. मग सरी मोडायची, हरभरा टाकायचा, सोयाबीन घ्यायचं, नाहीतर ताग गाडायचा. रान तेच, बांध तोच, विहीर तीच. सातत्य म्हणजे तोच ऊस जन्मभर, असं वडील स्वतःच्या शेतात तरी धरत नसणार. तुमच्या धावण्याचं पहिलं वर्ष लागणीचं होतं, ४८ वरून ३६. आता निडवा चालू आहे.

रस्ता बदलायला हवा का? नाही. पहाटे साडेपाचला बाई एकटी धावते तेव्हा ओळखीचे दिवे, ओळखीचा दूधवाला आणि ओळखीची कुत्री ही किती मोठी सोय असते, ते ‘रूट बदल’ म्हणणाऱ्यांना कळत नाही. रस्ता राहू द्या. त्यावर काय करायचं ते बदलू.

पण आधी नडगी. बाकीचं सगळं तिच्यानंतर.

खुर्चीवर बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापर्यंत न्या. दुखणं वीतभर पसरलेलं आहे की रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी जीव जातो? रात्री झोपेत ठणकतं का? साधं चालताना दुखतं का? नाण्याएवढी जागा, रात्रीचा ठणका, चालतानाची कळ यातलं एक जरी असेल तर धावणं आजच बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे क्लिअर आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला जाऊ नका. पाळी अनियमित झाली असेल तर तेही त्यांना सांगा, या वयात हाडांशी त्याचा थेट संबंध असतो. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीला चिकटलेल्या स्नायूंची आणि हाडावरच्या पापुद्र्याची कुरकुर. तरीही दोन आठवडे धावणं नाही. चाला, सायकल चालवा. अंग गरम झालं की थांबतं याचा अर्थ बरं झालं असा होत नाही. ते तेवढ्यापुरतं गप्प बसतं.

आता डावाच पाय का? तुमच्या पत्रातली ‘उजव्या कडेने’ ही ओळ वाचून मी थांबले. पुढच्या पावसात त्या रस्त्यावर पाणी कुठे धावतं ते बघा. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात, पाणी साचू नये म्हणून. उजव्या कडेने धावताना तुमचा उजवा पाय खालच्या अंगाला पडतो, डावा वरच्या. वरच्या पायाचा तळवा आतल्या बाजूला कलतो, आणि तो कल आवरायचं काम नडगीच्या आतल्या कडेच्या स्नायूला लागतं. परत येताना तरी फिटंफाट व्हावी, तर तेही नाही. परतीलाही तुम्ही समोरची गाडी बघायला उजवीकडेच असता. म्हणजे जाताना डावा वर, येताना पुन्हा डावा वर. मिनिटाला १६० पावलं धरली तर ३६ मिनिटांत ५,७६०. निम्मी डाव्याची, २,८८०. आठवड्याचे सहा दिवस, १७,२८० वेळा एकच स्नायू एकाच दिशेने ताणला गेला. तुम्ही शाळेत रोज फळ्यावर लिहिता, तोच खांदा दुखतो ना? तसंच.

हे एकमेव कारण असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, बुटांचाही हिशेब बाकी आहे. आठवड्याला ३० किलोमीटर म्हणजे वर्षाला १,५६०, दीड वर्षात २,३४०. धावायच्या बुटाचा तळ साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो. वरून चांगले दिसतात, कारण मरतो तो आतला फोम. टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला झुकलेली दिसेल. ते आता मंडईला जायला वापरा. नवे घेताना जमलं तर थोड्या वेगळ्या बांधणीचे दोन जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. खर्च एकदम अंगावर येतो हे खरं, पण दोन जोड दुप्पट दिवस चालतात, आणि पायाला रोज तोच ठसा बसत नाही.

रस्त्याच्या उताराला उपाय काय? अंधारात डाव्या कडेने धावा, असं मी मेले तरी सांगणार नाही. आठवड्यातले दोन दिवस शाहू स्टेडियमवर किंवा जवळच्या शाळेच्या मैदानावर जा. तिथे मात्र सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात आणि डावा पाय पुन्हा आतल्या बाजूला येतो. गर्दी नसेल तेव्हा निम्म्या फेऱ्या सुलट मारा. कुणीतरी काका ‘अहो, उलट्या चाललात’ म्हणतील. हसून पुढे जायचं.

आता ३६ मिनिटांचं कोडं. शरीर भलतं काटकसरी असतं. पहिल्या वर्षी पाच किलोमीटर त्याला संकट वाटलं म्हणून त्याने हृदय मजबूत केलं, पोटऱ्यांमध्ये रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढवल्या, पाऊल टाकायची कमी खर्चाची पद्धत शोधली. ३६ मिनिटांत काम भागतंय म्हटल्यावर ते थांबलं. रोज तीच मागणी येत असेल तर ते जास्तीचं कशाला बांधेल? शुगरसाठी तुम्हाला त्या धावण्याचा फायदा अजून होतोच आहे, तो वाया गेला असं समजू नका. फक्त त्यात नवीन काही घडत नाही.

आणि ३६ मिनिटं हा वेग मधलाच आहे. किलोमीटरला सात मिनिटं बारा सेकंद. तुम्हाला धाप लागते, पण दम निघत नाही. हौशी धावणाऱ्यांपैकी फार जण याच मधल्या पट्ट्यात वर्षानुवर्षं अडकतात: हळू धावायच्या दिवशी जरा जास्त जोरात, जोरात धावायच्या दिवशी जरा हळू. रोज वरण-भात. वरण-भात वाईट नाही हो, पण रोज दोन्ही वेळा?

म्हणून पहिला बदल सगळ्यात सोपा आणि तुम्हाला सगळ्यात जड जाणारा: हळू धावा. आठवड्यातले निदान तीन दिवस. कसं ओळखायचं? तुम्ही शिक्षिका आहात, तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. तेरा एके तेरापासून तेरा दाहे तीसासेपर्यंत मध्ये धाप न लागता म्हणता आला तर तो वेग बरोबर. साते-आठेला श्वास तुटला तर वेग कमी करा. पाच किलोमीटरला ४० मिनिटं लागतील, ४२ लागतील. लागू द्या. जगातले उत्तम लांब पल्ल्याचे धावपटूही बहुतेक किलोमीटर अशाच सोप्या वेगात काढतात. त्यामुळे जोराच्या दिवसासाठी पाय ताजे राहतात.

जोराचा दिवस मंगळवार धरू. यासाठी नवा रस्ता नको, तुमचाच रस्ता आणि त्यावरचे विजेचे खांब. दहा मिनिटं सावकाश धावून झाल्यावर एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जोरात, इतकं की पाढ्यातला एखादाच आकडा तोंडातून निघेल. मग श्वास खाली बसेपर्यंत रमत-गमत. मग वाटेल तेव्हा पुन्हा. कधी एक खांब, कधी तीन. अशा सहा-आठ उड्या पुरे. याला फार्टलेक म्हणतात, स्वीडिश शब्द आहे, अर्थ ‘वेगाचा खेळ’. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मर नावाच्या स्वीडिश प्रशिक्षकाने तो काढला, कारण शेजारच्या फिनलंडचे धावपटू, पावो नुर्मी आणि मंडळी, स्वीडनला सतत हरवत होते. होल्मरने आपली पोरं मैदानातून काढून जंगलात सोडली: पळा, चढा, उतरा, वाटेल तेव्हा जोर लावा. तुमची मैत्रीण म्हणते त्या इंटरव्हलचा हा मोकळाढाकळा भाऊ आहे. मोजलेले ४०० मीटर, मोजलेली विश्रांती हे नंतर कधीतरी करा, मला तरी सुरुवातीला ते परीक्षेसारखं वाटायचं.

जोरात धावण्याचा आणखी एक फायदा चाळिशीनंतरच्या बायकांना कुणी फारसा सांगत नाही. आपल्या स्नायूंत हळू पण चिवट तंतू असतात आणि झटक्यात जोर देणारे तंतू असतात. वय वाढतं तसे आधी दुसरे कमी होतात, आणि रोजच्या सावकाश धावण्यात त्यांना जागंच करत नाही कुणी. पाय अडखळला की सावरतात ते हेच. मंगळवारचे ते सहा-आठ खांब त्यांच्यासाठी. हाडांचंही तसंच, रोज एकाच दिशेने तोच तेवढा भार आला तर हाड त्याला सरावतं. चढ, उतार, वळण, छोटी उडी यांनी त्याला वेगळी खबर जाते.

चढ म्हटलं की साताऱ्याच्या माणसाला बाहेर बघायची गरज नाही. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता आहे, यवतेश्वरचा घाट आहे. रविवारची सुट्टी शुक्रवारी घ्या आणि रविवारी उजाडल्यावर, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली की अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागा. चढावर वेग विसरायचा, पावलं आखूड टाकायची, नजर दहा पावलं पुढे. दमलात तर चाला, घाटात चालण्यात कमीपणा नसतो. चढताना पायाला दणका कमी बसतो आणि हृदयाला काम भरपूर मिळतं, म्हणून नडगी नुकती बरी झालेल्या माणसाला सपाटीवर जोर लावण्यापेक्षा मी आधी बेताचा चढ देते. पोटरी कुरकुरली तर मात्र तिथेच थांबा.

उतरताना शहाणपणा करा. माझी गोष्ट सांगते. बारा वर्षं पुण्यात सपाट रस्त्यावर धावून मला वाटायला लागलं होतं की पाय लोखंडाचे झालेत. एका रविवारी सिंहगडाचा घाटरस्ता चालत चढले आणि उतरताना, उतारच तर आहे म्हणून, सुसाट सुटले. मजा आली! त्या दिवशी काही नाही. सोमवारी जिना उतरताना मांड्यांनी नकार दिला. मंगळवारी मी कठडा धरून घरचा जिना उलटी, पाठमोरी उतरत होते आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी ‘काय हरवलंय का?’ विचारत होत्या. भारतीय पद्धतीच्या संडासाबद्दल तर बोलायलाच नको. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो, त्याची सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा हिसका देतो. गंमत अशी की तीन आठवड्यांनी तोच उतार उतरले तेव्हा जवळजवळ काही झालं नाही. एकाच हिसक्यात मांड्या शिकल्या होत्या. तुम्ही एवढं महाग शिकू नका, पहिले चार रविवार चालत उतरा.

तुमच्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आलेली धावपटू. ४२ किलोमीटरची चिवट धाव तिच्या पायात बसलेली होती. ती वळली ३,००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यात उडी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या अंतिम फेरीत धावणारी ती पहिली भारतीय. तुम्ही पाण्यात उड्या माराव्यात असं माझं म्हणणं नाही. मॅरेथॉनचा दम वाया गेला नाही, त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी आलं, एवढं बघा.

आता तुमची भीती, घडी मोडायची. ही भीती मला खोटी वाटत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत की ज्यांनी रंगीत तक्ता छापून भिंतीवर लावला, सोमवारी हे, मंगळवारी ते, आणि तिसऱ्या आठवड्यात तक्ताही गेला आणि धावणंही. म्हणून घडीचा कणा हलवायचा नाही: साडेपाचचा गजर, रात्री दाराशी काढून ठेवलेले बूट, तोच पेट्रोल पंप. रविवार सोडला तर घरातून निघण्याची वेळ आणि घरी येण्याची वेळ तीच ठेवा, मध्ये काय केलं ते घरातल्यांना कळणारसुद्धा नाही.

आणि सगळं एकदम सुरू करू नका. नडगी शांत झाल्यावर पहिले तीन आठवडे फक्त हळू धावा, तेही एक दिवसाआड आणि तीन किलोमीटरपासून. मधल्या दिवशी दहा-बारा सूर्यनमस्कार, बैठका, आणि पायरीच्या कडेवर टाचा खाली-वर करणं, प्रत्येक पायाला १५ वेळा. पुढचे तीन आठवडे रविवारचा चढ. ते पचलं की मंगळवारचे खांब, सुरुवातीला चारच. बदलाने फायदा होतो तसा बदलानेच पाय मोडतो, जर वेग, चढ, अंतर आणि नवे बूट एकाच आठवड्यात आले तर. शुगरची गोळी चालू असेल तर चढ आणि वेग सुरू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पावसाळ्यात साताऱ्याच्या रस्त्याला शेवाळ धरतं आणि अजिंक्यताऱ्याच्या वळणांवर पाय सटकतो. तेव्हा खुशाल दीड-दोन महिने चढ सोडा, शाळेच्या व्हरांड्यात जिने चढा, घरात बैठका वाढवा. दिवाळीनंतर गारवा आला की रविवारची धाव हळूहळू आठ, मग दहा किलोमीटरपर्यंत न्या. एप्रिल-मेमध्ये पुन्हा आखूड करा. कुठलाही ऊसकरी बारा महिने रानात एकच काम करत नाही.

कंटाळा आलाय म्हणालात. त्यात लाजायचं कशाला? तुमच्या वर्गात पोरांना रोज तोच धडा तीन वर्षं शिकवला तर पोरं काय करतील?

साधारण तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी, मुद्दाम न ठरवता, पूर्वीसारखं पाच किलोमीटर जरा नेटाने धावून बघा. ३६ च्या आत याल असं मला वाटतं, किती आत ते सांगता येत नाही. नाही आलात तरी नडगी न दुखता धावलात तर मला ते चालेल. तोवर मंगळवारी ते घड्याळ घरीच ठेवून जा. आणि पहिल्या मंगळवारी खिशात बिस्किटं ठेवा, ओळखीची कुत्रीसुद्धा ओळखीचं माणूस एकाएकी जोरात पळायला लागलं की मागे लागतात.